म्यानाबाहेरची सोंड

माझ्या नणंदेला संग्रहालयात सगळे सोंडबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', आणि पाठ वळली की सोंडबाई. वन्संना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं असा मला दाट संशय आहे. नाव नाकावरून पडलेलं नव्हतं; नाक आमच्या सासरी सगळ्यांचंच बसकं. ते पडलं सोंडकिड्यांवरून. तांदळाच्या डब्यात पुढे बारीक सोंड काढून फिरणारा तपकिरी किडा तुम्ही पाहिला असेल. वन्संच्या मते तो त्या खानदानातला सगळ्यात गरीब नातेवाईक. "मोजणारे थकले वहिनी, किडे नाही थकले," असं त्या म्हणायच्या, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा माहेरच्या श्रीमंतीबद्दल बोलणाऱ्या बाईसारखा व्हायचा.

मी नाटकवाली. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा रंगमंच सुटला, आणि पाठोपाठ हेही गेले. मग त्या घरात आम्ही दोघीच उरलो, मी आणि त्यांची धाकटी बहीण. वन्संनी लग्न केलं नव्हतं. आयुष्यभर एकमेकींना 'तुम्ही' म्हणत आम्ही भांडलो. माझा आवाज त्यांना सोसत नसे. "वहिनी, तुमचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं. मी पहिल्या रांगेत बसलेय." मीही कमी नव्हते. त्यांच्या साड्यांना डांबरगोळ्यांचा वास यायचा, तेव्हा मी म्हणायचे, "वन्सं, तुम्हाला कसर लागणार नाही हो, शंभर वर्षं टिकाल."

माझ्या खोलीत, आरशाच्या वरच्या फळीवर, पाच लाकडी डोकी होती. टोप घालून ठेवायची असतात तसली. कंपनी मोडली तेव्हा कुणी पडदे नेले, कुणी पेटी नेली. मी डोकी आणली. टोप केव्हाच झडून गेले, पण मला प्रत्येक डोकं ओळखू येई. ही राणी, ही दासी, ही वेडी, ही विधवा, आणि कडेची म्हातारी. ऐन तारुण्यात मी म्हातारीचं काम केलं होतं आणि त्या कामानेच माझं नाव झालं. नाक-डोळे नसलेली ती पाच डोकी आरशाकडे तोंड करून बसलेली असत. वन्संना ती आवडत नसत. ज्या बाईचा दिवस हजारो मेलेल्या जिवांमध्ये जातो तिने असं म्हणावं, याचं मला हसू यायचं.

"माझ्याकडच्यांना निदान डोकं आणि धड दोन्ही असतं," त्या म्हणायच्या.

हे वाक्य लक्षात ठेवा.

संग्रहालयातली त्यांची खोली वरच्या मजल्यावर होती. लांबलचक, उत्तरेच्या खिडक्यांची, आणि जमिनीपासून छतापर्यंत ड्रॉवरच ड्रॉवर. मी अधूनमधून त्यांचा विसरलेला डबा पोचवायला जायची. एक ड्रॉवर ओढला की हाऊसफुल्ल. टाचण्यांवर रांगेत बसलेले किडे, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. असा प्रेक्षक मला जन्मात मिळाला नाही, एकही खोकत नव्हता. पण फार वेळ त्यांच्यासमोर उभं राहवत नसे. कुणीतरी आता सुरू करा म्हणेल आणि मला संवाद आठवणार नाही, असं वाटायचं.

त्या खोलीत पूर्वी एक डागडुजीवाला बसत असे, त्याला डिंकबाबा म्हणत. वन्संनी नोकरीच्या सुरुवातीला त्याला पाहिलं होतं. खिडकीपाशी बसून, डोळ्यात घड्याळजीचं भिंग अडकवून, मोडलेल्या किड्यांचे पाय, मिशा, मुंडकी डिंकाने परत चिकटवणं हे त्याचं काम. पेटी हलली की वाळलेले किडे मोडतात, आणि तुकडे तळाशी गोळा होतात. डिंकबाबाला बिनडोक्याचा किडा बघवत नसे. म्हणायचा, तसा ठेवला की तो रात्रभर शोधत राहतो. वन्सं ही गोष्ट जेवताना सांगायच्या आणि आम्ही दोघी हसायचो.

एकदा त्यांनी मला स्वतःच्या टेबलाशी बसवलं. मायक्रोस्कोपला बाजूला एक छोटा आरसा लावलेला होता, चित्र काढण्यासाठी. डोळा लावून बघायचं, आणि शेजारच्या कागदावर पेन्सिल धरायची. आरशामुळे किडा आणि कागद एकावर एक दिसतात, नुसती कडा गिरवत जायची. मी डोळा लावला, पेन्सिल हातात घेतली, आणि पाहिलं तर माझा हात त्या किड्याच्या पाठीवरून चालत होता. पारदर्शक, करड्या रंगाचा, नखांसकट. हाताच्या आरपार किडा दिसत होता. मी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

वन्सं हसल्या. "सगळे दचकतात. मग सवय होते. मग हात दिसेनासाच होतो, फक्त किडा उरतो."

त्यांच्या निवृत्तीचं ते वर्ष. वर्ष संपलं की खोलीची किल्ली परत द्यायची होती. आजवर त्यांनी बऱ्याच नव्या जाती नोंदवल्या होत्या, पण नवी प्रजाती एकही नाही. हा फरक मला त्यांनी पोळपाटावर पीठ पसरून समजावला होता. जात म्हणजे पाळण्यातलं नाव. प्रजाती म्हणजे आडनाव. त्यांनी पाळण्यातली नावं खूप ठेवली, पण सगळी दुसऱ्यांच्या आडनावाखाली. नवं आडनाव द्यायचं तर असा किडा सापडावा लागतो, जो कुणाच्याच घरातला नाही.

त्या वर्षी एका संध्याकाळी वन्सं घरी आल्या, चहा प्यायल्या, आणि त्यात साखर कमी आहे असं म्हणाल्या नाहीत. मला काळजी वाटली.

"काय झालं?"

"एक आलाय, वहिनी."

"कोण आलाय?"

"माहीत नाही. तेच तर."

तळच्या कपाटात एक जुनी पेटी निघाली होती. गोळा करणारा कधीचा वारलेला, आणि चिठ्ठीवरची शाई कसरीने खाल्लेली. त्यात त्रिकोणी पुठ्ठ्याच्या टोकावर चिकटवलेला एक सोंडकिडा होता, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा. काही सोंडकिड्यांच्या छातीखाली एक खोबण असते. धोका दिसला की ते पाय पोटाशी घेतात, सोंड त्या खोबणीत बसवतात आणि मेल्याचं सोंग करतात. तलवार म्यानात ठेवावी तशी सोंड आत. या किड्याला खोबण होती, छान कोरलेली. पण सोंड इतकी लांब आणि वाकडी, की ती खोबणीत मावणंच शक्य नव्हतं.

"म्यान आहे, तलवार आहे, पण तलवार म्यानात जात नाही," वन्सं म्हणाल्या. "असं कोणत्याच घराण्यात नाही. धड बघितलं तर एका ड्रॉवरमध्ये जावा, डोकं बघितलं तर दुसऱ्या. मी त्याला सध्या दोन्हींच्या मध्ये टेबलावर ठेवलाय."

"म्हणजे आडनाव?"

त्यांनी मान हलवली. होकार तोंडाने द्यायला त्या घाबरत होत्या. अशी घाबरलेली मुलगी मी त्यांच्यात फार वर्षांत पाहिली नव्हती. माझं लग्न झालं तेव्हा त्या दाराआडून मला बघत उभ्या होत्या, तेव्हा अशी दिसली होती बहुधा.

मग वर्णन लिहिणं सुरू झालं. वन्संची एक पद्धत होती. लिहिलेलं स्वतः वाचलं तर चूक दिसत नाही, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर दिसते. म्हणून रोज दुपारी, त्या जेवायला घरी आल्या की, मी त्यांना पान वाचून दाखवायची. माझ्या खोलीत, आरशासमोर, कारण तिथे उजेड चांगला. त्या डोळे मिटून ऐकत. सुरुवातीला त्यांनी मला बजावलं, "अभिनय नको."

"अभिनय न करता मला कपड्यांची यादीसुद्धा वाचता येत नाही."

"मग निदान रडू नका."

मी वाचायची: "रंग काळसर तपकिरी. पाठीवर फिकट खवल्यांच्या दोन रेघा, मागे जुळणाऱ्या. मिशा सोंडेच्या मुळाशी, डोळ्यांना खेटून. सोंड छातीच्या खोबणीपेक्षा लांब, विश्रांतीतही बाहेर राहणारी." त्या एक शब्द बदलत, मी पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. पुन्हा. तालमीत असंच असतं. हळूहळू कागद नजरेसमोर धरायचीही गरज उरली नाही, भूमिका पाठ झाली. नुसती पाठ नव्हे, मला तो दिसायला लागला. पाय टाकताना तो अडखळत असणार, सोंडेच्या ओझ्याने. मी वाचताना तशी किंचित अडखळायची, आणि वन्सं डोळे न उघडता म्हणायच्या, "हां, असंच."

त्याच दिवसांत म्हातारीच्या डोक्याखाली भुसा दिसू लागला. पिठीसारखा बारीक, फिकट, माझ्या पावडरच्या डब्यावर पडलेला. मी तो पुसायची, आणि दुसऱ्या दिवशी वाचन संपलं की पुन्हा तेवढाच. डोकं उचलून सगळीकडून पाहिलं, कुठेही भोक नव्हतं. एकदा वाचता वाचता लाकडातून काहीतरी कुरकुरल्यासारखं वाटलं, बंद दाराआड खुर्ची सरकावी तसं. मी थांबले. तेही थांबलं.

"काय झालं?" वन्सं म्हणाल्या.

"काही नाही. वयानुसार लाकूड कुरकुरतं. आपल्यासारखं."

नाव ठरलं, लॅटिनमध्ये. अर्थ असा, की म्यानाबाहेर राहणारा. लेख कीटकशास्त्राच्या नियतकालिकाकडे गेला. तिकडच्या परीक्षकांनी फार कौतुक केलं आणि एकच गोष्ट मागितली: आतली रचना पाहून लिहा. म्हणजे किडा कोमट पाण्यात घालून मऊ करायचा आणि पोट उघडायचं. एकच नमुना, आणि त्याच्यावरच नाव बसायचं होतं. वन्संनी बरेच दिवस टाळलं. शेवटी म्हणाल्या, "वहिनी, उद्या डबा घेऊन याल का?" डबा त्या विसरल्या नव्हत्या. विसरणारच होत्या.

दुपारचा उजेड टेबलावर पडला होता. काचेच्या वाटीत कोमट पाणी, त्यात तो किडा, पुठ्ठ्यावरून सोडवलेला. वन्सं बाजूला बसून सुया पुसत होत्या. मी वाटीत बघत होते. पाण्यात काहीतरी धुरासारखं पसरलं, पिवळसर. मग किडा जरासा वळला, आणि त्याचं डोकं मानेपासून सुटून सावकाश वर आलं. सोंड वर करून, डोळे आमच्याकडे. धड तळाशीच राहिलं.

वन्सं बघत राहिल्या. त्यांनी सुई टेबलावर ठेवली. पाण्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं.

"डिंक," त्या म्हणाल्या.

एकाचं धड, दुसऱ्याचं डोकं. पेटीच्या तळाशी पडलेलं एक मुंडकं डिंकबाबाने जवळच्या धडाला चिकटवलं होतं, त्याला बघवलं नाही म्हणून. तलवार म्यानात जात नव्हती, कारण म्यान दुसऱ्याच घरचं होतं. चूक फक्त त्याच खोलीत होऊ शकते अशी होती, आणि ती शोधून काढायची विद्या जिच्याकडे होती तिने तो किडा कित्येक महिने आरशातून गिरवला होता.

"माझा हात त्याच्या मानेवरून इतक्यांदा गेला," त्या घरी येताना म्हणाल्या. "हात दिसेनासा होतो, म्हटलं होतं ना मी. डिंकही."

विभागप्रमुख चांगले गृहस्थ होते. त्यांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, वाळवा आणि चिकटवा परत. शंभर वर्षं कुणी बघणार नाही."

"मी बघितलं ना."

"तुम्ही निवृत्त होताय हो."

"डोळे नाही होत," वन्सं म्हणाल्या, आणि लेख मागे घेतला.

त्यानंतर त्या कामावर जात, ड्रॉवर पुसत, परत येत. मी वाचून दाखवू का असं विचारायची सोय राहिली नव्हती. जेवताना आमटीला नाव ठेवायच्या नाहीत, तेव्हा मला रडू यायचं. एवढ्या बडबड्या घरात चमच्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

एक दिवस दुपारी मी आरशासमोर बसले होते. आवाज करायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून म्हणा किंवा भूमिका पाठ झाली की ती आपली आपण ओठांवर येते म्हणून म्हणा, मी ते वर्णन म्हणू लागले. अगदी हळू. "मिशा सोंडेच्या मुळाशी, डोळ्यांना खेटून." म्हातारीच्या डोक्यात, कान असायला हवा तिथे, लाकडाला एक काळा ठिपका पडला. ठिपका मोठा झाला. "सोंड छातीच्या खोबणीपेक्षा लांब." त्या भोकातून आधी एक वाकडी काडी बाहेर आली. मग डोळे. मग पाय, मग पाठ, आणि मग तो माझ्या पावडरच्या डब्यावर टपकन पडला.

पडल्या पडल्या मेला. पाय पोटाशी, अंग आखडलेलं. मी रंगमंचावर इतक्यांदा मेलेय, की मरणाचं सोंग मला लांबून कळतं. श्वास रोखता येतो, पण पापणी दगा देते. याला पापणी नव्हती. पाठीवर फिकट खवल्यांच्या दोन रेघा होत्या, मागे जुळणाऱ्या. छातीखाली सुंदर खोबण होती. आणि सोंड बाहेर होती.

पाण्याचा पेला त्याच्यावर पालथा घातला आणि वन्सं येईपर्यंत मी जागची हलले नाही.

त्या आल्या. मी फक्त "बघा" म्हटलं. त्यांनी पर्समधलं भिंग काढलं, वाकल्या. बराच वेळ वाकून होत्या. मग सरळ झाल्या, आणि इतक्या वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या अशा आवाजात म्हणाल्या, "वहिनी, ही थट्टा मला नाही आवडली."

"कसली थट्टा?"

"स्पिरिट गम ना? मिशा चिकटवायचा? तुम्हाला वाटलं, बाई खूश होईल. कुठून आणलेत दोन किडे?"

"वन्सं, मला तांदळातले किडे निवडता येत नाहीत. मी मुंडकी चिकटवीन?"

"मग हे काय आहे?"

तेवढ्यात पेल्याखाली त्याने एक पाय पसरला. मग दुसरा. उठला आणि चालू लागला, दर चार पावलांवर किंचित अडखळत, सोंडेच्या ओझ्याने. मी वाचताना अडखळायची, अगदी तसा. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आनंद नव्हता. अंधारात कुणी आपलं नाव घेतल्यावर माणूस जसा बघतो तशा त्या बघत होत्या.

पुढचं काम त्यांना डोळे मिटून करता आलं असतं. मारायची बाटली घरात होती. नमुना करायचा तर मारायलाच हवा, आणि किल्ली परत द्यायला फार दिवस उरले नव्हते. त्यांनी बाटली कपाटातून काढली, पेल्याशेजारी ठेवली, आणि परत ठेवून दिली.

"मेल्यावर त्याला पाण्यात घालावं लागेल," त्या म्हणाल्या.

मला कळलं. ते डोकं पाण्यात वर आलेलं मीही पाहिलं होतं.

मग आम्ही वाट पाहिली. तो पेल्याखाली फिरायचा, लाकडाचा तुकडा दिला तर त्यावर बसायचा, दार वाजलं की मरायचा. पुन्हा उठायचा. एकदा मेला आणि उठलाच नाही. आम्ही समजलो सोंग आहे. दोन्ही वेळचं जेवण झालं, दुसरा दिवस उजाडला. वन्संनी पिसाने स्पर्श केला. पाय तसेच पोटाशी, सोंड तशीच बाहेर. सोंग नेमकं कधी संपलं, ते जिने जन्मभर मेलेले किडे पाहिले तिला सांगता आलं नाही, आणि जिने जन्मभर मरणाचं सोंग केलं तिलाही.

काचेची वाटी, कोमट पाणी, तोच उत्तरेचा उजेड. या वेळी वन्सं उभ्या होत्या. "वहिनी," त्या म्हणाल्या, "काहीतरी बोला. शांत राहू नका."

मी भूमिका म्हटली, पहिल्यापासून. रंग. रेघा. मिशा. पाणी स्वच्छ राहिलं. वन्संनी सुईचं टोक मानेपाशी नेऊन हलकेच दाबलं. मग जरा जोराने. डोकं सुटलं नाही. त्यांनी किडा मायक्रोस्कोपखाली घेतला, आणि मी म्हणत गेले तसतशा त्या मान हलवत गेल्या. वर्णनातला एक शब्द बदलावा लागला नाही. एक काना नाही, एक मात्रा नाही.

मग त्या थांबल्या.

"काय?"

"मानेला काहीतरी आहे."

मी डोळा लावला. डोकं आणि छाती जिथे जुळतात तिथे एक बारीक कडं होतं. मधासारखं पिवळं, चकचकीत, एका बाजूला थोडं ओघळून सुकल्यासारखं. वन्संनी ते पाण्यात भिजत ठेवलं, स्पिरिटमध्ये ठेवलं, सुईने खरवडलं. ते त्याच्या अंगाचंच होतं. कुणी लावलेलं नव्हतं.

त्यांनी पेन उचललं आणि वर्णनाखाली एक ओळ वाढवली: 'मानेभोवती पिवळसर, चकचकीत कडं, पाण्यात विरघळत नाही.' माझ्याकडे कागद दिला नाही. ही एक ओळ मी मोठ्याने वाचलेली नाही.

किल्ली परत देण्यापूर्वी त्यांनी माझ्याकडे म्हातारी मागितली. आत आणखी असतील तर पाहायला हवं होतं. मी दिली. त्या डोक्याने मला नाव दिलं होतं, पण वन्संना आडनाव हवं होतं, आणि माझं वय आता टोपाशिवाय म्हातारीचं काम करण्याइतकं झालं होतं. संग्रहालयाच्या सुताराने करवत हातात घेतली आणि म्हणाला, "बाई, लाकूड कापतो मी रोज. डोकं पहिल्यांदाच. काही झालं तर तुमचं नाव सांगणार."

आत दुसरा किडा नव्हता. एकच बोगदा होता, पेन्सिलीच्या शिशाएवढा. या किड्यांची मादी लाकडावर बाहेरून अंडं घालते आणि अळी आत शिरते, म्हणून आत जायची वाट असतेच. वन्संनी दोन्ही अर्धी भिंगाखाली इंचाइंचाने पाहिली. बोगदा डोक्याच्या मधोमध सुरू होत होता आणि कानाशी संपत होता. बाहेर यायची वाट होती. आत जायची नव्हती.

"जुन्या लाकडात अळी वर्षानुवर्षं झोपून राहते," वन्सं म्हणाल्या. "दुसऱ्या कुळातल्या किड्यांत पाहिलंय."

"वाट बुजली असेल मग."

"असेल," त्या म्हणाल्या. दोघींनी तो विषय तिथेच ठेवला.

लेख पुन्हा गेला; परीक्षकांचा आधीच वाचून झालेला, म्हणून लगेच छापून आला. शेवटच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हाताने, ज्याच्यावर नाव बसलं त्याला लावतात ती लाल चिठ्ठी लावून तो नमुना ड्रॉवरमध्ये ठेवला. एका घराण्याच्या आणि दुसऱ्या घराण्याच्या मध्ये, नव्या आडनावाच्या पाटीखाली, एकटा. शेजारी एका वेगळ्या डबीत ते सुटलेलं डोकं आणि ते धड ठेवलं, 'हे दोन एक नव्हेत' असं लिहून. किल्ली दिली, घरी आल्या, आणि आमटीत मीठ जास्त आहे म्हणाल्या. मी देवासमोर नव्हे, आमटीसमोर हात जोडले.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. दुसरा तसला किडा जगात कुणाला सापडलेला नाही, त्या लक्ष ठेवून असतात. वन्सं पलीकडच्या खोलीत आहेत. संग्रहालयातून कुणी ना कुणी अजून डब्या आणून देतं, आणि त्या स्वतःच्या जुन्या मायक्रोस्कोपवर बसून वर्णनं लिहितात. सध्या एक आहे, जन्मतः आंधळा. डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे. हे मला त्यांनी सांगितलं नाही, मी जाता जाता कागदावर पाहिलं. त्यांनी लगेच कागदावर हात ठेवला.

"द्या इकडे," मी म्हटलं. "वाचून दाखवते. चुका कशा कळतील तुम्हाला?"

"राहू देत चुका."

"अहो पण एवढं लिहिलंय, कुणी बघायला नको?"

त्यांनी उघड्या दारातून माझ्या फळीवरच्या चार डोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग हात बाजूला केला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"बघा. पण मनात वाचा," त्या म्हणाल्या. "आणि वहिनी, ओठ हलवू नका."

मी दोन बोटांनी ओठ धरले आणि वाचायला सुरुवात केली.